इंजिनात कॅमेरा घातला तरी बोअर धूसरच दिसतो? पिक्सेल नका मोजू, अंतर मोजा

तक्रार जवळपास ठरलेली असते. “भाऊ, कॅमेरा तर मागवला, पण आतमध्ये काहीच दिसून नाही राहिलं.” सोबत दाखवलेला व्हिडिओही ठरलेलाच: मधोमध पांढराफटक झगमगाट, कडेला काळं धुकं आणि त्यात कुठेतरी पिस्टन असावा असा अंदाज. मग पुढचा प्रश्न येतो, “हा दोन मेगापिक्सेलवाला परत करून पाचवाला घेऊ का?”

घेऊ नका. पाचवाल्यातही हेच दिसेल. स्पार्क प्लगच्या भोकातून इंजिनात बघायचा कॅमेरा चालतो तो तीन गोष्टींवर: तो भोकातून आत जातो का, त्याचा फोकस किती अंतरावर बसतो आणि त्याला बाजूला बघता येतं का. पिक्सेलचा नंबर यांच्या मागे. त्यातही स्वस्त कॅमेऱ्यांच्या डब्यावरचा आकडा बऱ्याचदा फुगवलेला असतो. वर ‘१०८० पी’ छापलेलं असतं आणि आतला सेन्सर ६४० बाय ४८० नाहीतर १२८० बाय ७२० चा निघतो. बाकीचे पिक्सेल सॉफ्टवेअर आपल्या मनाने भरतं. फोटोची फाइल जड होते, बोअरवरचा, म्हणजे पिस्टन ज्या गोल भोकात वरखाली होतो त्याच्या भिंतीवरचा, ओरखडा काही ठळक होत नाही.

हिंगणा रोडला आमच्या गॅरेजवर हा विषय आता आठवड्यातून एकदा तरी निघतोच. कारण उघड आहे. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धीचा नागपूर–शिर्डी टप्पा सुरू झाला आणि दहा-बारा वर्षं गावात पन्नासच्या काट्यावर फिरलेल्या गाड्या एकदम तासन् तास शंभर-एकशेवीसने पळू लागल्या. त्यात आपला मे महिना, पारा ४५ च्या वर. कूलंट थोडं कमी असलेली गाडी गावात वर्षभर कुरकुर करत नाही, पण कारंज्याच्या आसपास टेम्परेचरचा काटा वर चढवते. मग गॅरेजवाला म्हणतो हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, खोलावं लागेल, आणि मालकाला वाटतं की तेवढे पैसे मोकळे करण्याआधी आत काय झालंय ते आपल्या डोळ्यांनी बघावं. रास्त मागणी आहे. त्यासाठी पंधरा हजारांचा कॅमेरा लागत नाही. पण सातशेचा पहिला दिसला तो उचलला तर वरचा व्हिडिओ मिळतो.

आधी भोक

पेट्रोल गाडीत आत जायची वाट म्हणजे स्पार्क प्लगचं भोक. जुन्या गाड्यांत प्लगचे आटे बहुधा १४ मिमीचे, नव्या बऱ्याच इंजिनांत १२ चे आणि लहान बाईकमध्ये १० चे. हे माप आट्यांच्या बाहेरचं आहे. आतून मोकळी जागा कमी मिळते: १४ च्या भोकात साडेबारा मिमी, १२ च्यात साडेदहा, १० च्यात नऊच्याही किंचित खाली.

म्हणजे ८ मिमीचा कॅमेरा कागदावर तिन्हीतून जातो. प्रत्यक्षात १० च्या भोकात तो सरळ सळईसारखा उभा राहतो, जरासुद्धा कलत नाही. बाहेर काढताना आट्यांना घासतो ते वेगळंच. ५.५ मिमीचा घ्या. पेट्रोल इंजिनासाठी स्वस्तात तोच सगळ्यात कामाचा आकार आहे.

आणखी एक माप डब्यावर कुणीच छापत नाही: टोकाच्या धातूच्या नळीची लांबी. वायर वाकते, ती नळी वाकत नाही. दोन लेन्सचे (एक पुढे बघणारी, एक बाजूला) काही कॅमेरे चार सेंटिमीटरहून लांब नळी घेऊन येतात. सरळ भोकात त्याचं काही बिघडत नाही, पण प्लगची विहीर, म्हणजे प्लग ज्या खोल खाचेच्या तळाशी बसतो ती, जिथे तिरपी आणि अरुंद आहे तिथे लांब नळी अडते. दुकानात हातात घेऊन बघता आलं तर हे आधी बघा.

डिझेलवाल्यांसाठी थोडक्यात. हीटर प्लगच्या भोकाचं वरचं तोंड बघून फसू नका, खाली ते निमुळतं होत जातं आणि शेवटाला चार-पाच मिमीच उरतं. ५.५ चा कॅमेरा तिथे बसत नाही. ३.९ मिमीचे मिळतात, पण त्यांचा उजेड आणि चित्र दोन्ही उतरलेलं असतं. डिझेल फवारणारी नोझल काढून त्या भोकातून बघता येतं, कॉमन रेलच्या नोझलचं टोक साधारण ७ मिमीचं असतं. पण जुन्या गाडीतली नोझल जागेवर जाम बसलेली असते, काढली की खालचा तांब्याचा वॉशर नवीन टाकावा लागतो, आणि हे घरच्या अंगणात करायचं काम नाही. फक्त डिझेलच्या बोअरसाठी म्हणून कॅमेरा घेत असाल तर तेच पैसे गॅरेजवाल्याला द्या.

धूसर का दिसतं

स्वस्त कॅमेऱ्याचा फोकस हलत नाही. फोन जसा जवळ-दूर पाहून स्वतः जुळवून घेतो तसं इथे काही नाही. कारखान्यात लेन्स एका अंतरावर चिकटवून दिलेली असते. त्या अंतराच्या अलीकडे-पलीकडे जेवढा पट्टा स्पष्ट दिसतो तेवढाच तुमचा. कुठे तो ३ ते ८ सेंटिमीटर असतो, कुठे २ ते ६, आणि पाइपलाइन-गटारासाठी बनवलेल्या कॅमेऱ्यात तो याहून बराच लांब असतो. तो कॅमेरा वाईट नसतो, इंजिनासाठी नसतो इतकंच.

आता इंजिनाचं माप घ्या. वॅगन आर, स्विफ्ट अशा गाड्यांत वर्षानुवर्षं आलेल्या के१०बी आणि के१२एम इंजिनांचा बोअर ७३ मिमी. जुन्या मारुती ८०० चा ६८.५. म्हणजे आपल्याकडच्या छोट्या गाडीचा बोअर म्हटला की सात सेंटिमीटर धरून चाला. चार व्हॉल्व्हच्या हेडमध्ये प्लग जवळपास मधोमध असतो, म्हणजे मध्यावर लटकलेल्या कॅमेऱ्यापासून भिंत साडेतीन सेंटिमीटरच्या आतबाहेर. सगळा खेळ या साडेतीन सेंटिमीटरचा आहे.

पुढची लेन्स पिस्टनचं डोकं बघते. चित्र धूसर आलं तर वायर थोडी खाली सोडा, थोडी वर घ्या, कुठेतरी फोकस सापडतो. बाजूच्या लेन्सला ही सोय नाही. ती आणि भिंत यांच्यातलं अंतर इंजिनाने ठरवलंय, तुम्ही वायर कितीही वरखाली करा ते बदलत नाही. म्हणून दोन लेन्सचा कॅमेरा घेताना डब्यावरचं फोकसचं अंतर कोणत्या लेन्सचं आहे ते विचारा. बहुतेक वेळा ते पुढच्या लेन्सचं असतं आणि बाजूच्या लेन्सबद्दल अवाक्षर नसतं.

घरी तपासायची युक्ती सोपी आहे, आणि कॅमेरा परत करायची मुदत संपायच्या आत ती करून मोकळे व्हा. स्टीलची पट्टी टेबलावर आडवी ठेवा, कॅमेऱ्याचं टोक शून्यावर आणि पुढची लेन्स पट्टीच्या लांबीकडे. फोनमध्ये बघत जा की मिलिमीटरच्या रेघा कितव्या सेंटिमीटरपासून वेगवेगळ्या दिसायला लागतात आणि कितव्यापाशी पुन्हा एकमेकींत मिसळतात. हा तुमच्या कॅमेऱ्याचा खरा पट्टा.

बाजूच्या लेन्ससाठी स्वयंपाकघरातला पाणी प्यायचा स्टीलचा पेला घ्या, तोंड सातेक सेंटिमीटरचं असेल असा. आत अर्ध्या भागावर पेपरातल्या छोट्या जाहिरातींची पट्टी चिकटवा, अर्धा भाग तसाच चकचकीत ठेवा. कॅमेरा वरून मधोमध सोडा, वरती काळं फडकं टाका आणि बाजूच्या लेन्सने वाचून बघा. टू-बीएचके भाड्याने देण्याची जाहिरात फोन नंबरासकट वाचता आली तर बोअरवरच्या होनिंगच्या, म्हणजे बोअर बनवताना मुद्दाम पाडलेल्या, तिरप्या रेषा दिसतील. नुसते काळे ठिपके दिसले तर तो कॅमेरा त्याच दिवशी परत पाठवा. पेल्याचा उघडा अर्धा भाग उजेडाची परीक्षा घेतो. तिथे सगळं पांढरं होत असेल आणि दिवा कमी करूनही पांढरंच राहत असेल, तर बोअरमध्ये तेच होणार आहे.

बाजूची लेन्स हवीच का

बोअरसाठी हवीच. सरळ बघणाऱ्या कॅमेऱ्यात भिंत दिसते, पण लांब बोळाच्या कडेने बघितल्यासारखी, तिरपी आणि चेपलेली. त्यात उभा ओरखडा आणि तेलाचा ओघळ यांतला फरक कळत नाही. “बोअरला स्क्रॅच आहे” म्हणून घाबरून आलेल्या बऱ्याच व्हिडिओंमध्ये तो तेलाचा ओघळच असतो.

यावर कंपन्या डब्यात एक छोटा आरसा देतात, टोकावर चढवायचा. सोबत लोहचुंबक आणि हूक. हे तिन्ही नग डब्यातच राहू द्या. चढवलेला आरसा हलक्या दाबावर किंवा बारीक आट्यांवर टिकलेला असतो, बाहेर काढताना प्लगच्या भोकाच्या काठाला अडकतो आणि आत पडतो. प्लास्टिकचा आरसा लोहचुंबकाने निघत नाही. मग ज्या हेडला हात लावायचा नव्हता तेच हेड आरशापायी खोला.

दोन लेन्सच्या कॅमेऱ्यात बटण दाबलं की चित्र पुढून बाजूला जातं. आत गेल्यावर मात्र कळत नाही की बाजूची लेन्स बोअरच्या कोणत्या अंगाला बघतेय. त्यासाठी वायरीवर, प्लगच्या विहिरीच्या वर राहील अशा जागी, बाजूच्या लेन्सच्या रेषेत नेलपॉलिशचा ठिपका द्या. ठिपका रेडिएटरकडे म्हणजे लेन्स रेडिएटरकडे. वायर दोन बोटांत हळू फिरवत पूर्ण चक्कर घ्या, मग बोटभर खाली सरकवून पुन्हा एक चक्कर. वायर थोडी कडक, वाकवली तशी राहणारी घ्यायची ती यासाठीच. मऊ वायर वरून फिरवली तर खाली टोक फिरत नाही, वायरच पिळली जाते.

वायरीची लांबी एक ते दोन मीटर पुरे. दहा मीटरच्या वायरीचा इंजिनात काय उपयोग? उलट फोनमधून मिळणारी वीज आधीच तोकडी, त्यात लांब वायरीत ती आणखी पडते आणि चित्र फडफडायला लागतं.

झगमगाट

बोअरची भिंत म्हणजे तेल लावलेला आरसा. त्यावर सहा-आठ दिवे पूर्ण ताकदीने मारले तर कॅमेरा बिचारा काय दाखवणार. दिवा कमी करायचं चाक किंवा बटण असलेलाच कॅमेरा घ्या आणि वापरताना सगळ्यात मंद उजेडापासून सुरुवात करा. कार्बन धरलेला काळा पिस्टन बघताना दिवा वाढवा, भिंत बघताना उतरवा.

पावसाळ्यात लेन्सवर वाफ धरते. दिवा चालू करून कॅमेरा दोन-चार मिनिटं बाहेरच राहू द्या, टोक कोमट झालं की वाफ जाते. आणि गरम इंजिनात कॅमेरा घालूच नका. स्वस्त कॅमेऱ्याचं टोक साठ-सत्तर अंशांच्या पुढे टिकायचा भरवसा नाही, आणि आत्ताच बंद केलेलं इंजिन त्याहून तापलेलं असतं. डब्यावरचं ‘आयपी६७’ पाण्याबद्दल बोलतं, उष्णतेबद्दल किंवा पेट्रोलबद्दल नाही.

फोनवर काहीच येत नाही

निम्म्या वेळा कॅमेरा ठणठणीत असतो, फोन अडतो. काही कंपन्यांच्या अँड्रॉइड फोनमध्ये ओटीजी (फोनला बाहेरची यूएसबी वस्तू जोडायची सोय) नावाचं बटण सेटिंगमध्ये जाऊन स्वतः चालू करावं लागतं, आणि थोडा वेळ वापर नसला की ते आपोआप बंद होतं. त्यामुळे काल चाललं, आज चालत नाही. दुसरं, ॲपला फोनच्या कॅमेऱ्याची परवानगी दिलेली नसेल तर बाहेरून लावलेला यूएसबी कॅमेराही अँड्रॉइड त्याला दाखवत नाही. लोक “हा माझा कॅमेरा कशाला मागतो” म्हणून नाही दाबतात आणि तिथेच गाडी अडते. तिसरं, डब्यात आलेला टाइप-सी चा जोड. स्वस्त जोड एकाच बाजूने चालतो, उलटा करून लावून बघा.

डब्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करून कुठली तरी एपीके फाइल उतरवू नका. घेताना एवढंच विचारा की हा ‘यूव्हीसी’, म्हणजे यूएसबी कॅमेऱ्यांच्या सर्वमान्य पद्धतीचा, कॅमेरा आहे का. असेल तर प्ले स्टोअरवरचं यूएसबी कॅमेऱ्याचं कुठलंही साधं ॲप चालतं, आणि विंडोजच्या लॅपटॉपवर तर वेगळं काही टाकावंच लागत नाही. लॅपटॉपवर लावून बघणं ही दोष फोनचा की कॅमेऱ्याचा हे ठरवायची सगळ्यात जलद वाट आहे.

आयफोनवाल्यांना बहुधा वायफायचा डबा लागलेला कॅमेरा घ्यावा लागतो. त्यात चित्र थोडं मागून येतं, हात हलवल्यावर क्षणभराने पडदा हलतो, सवय होते. फोन कॅमेऱ्याच्या वायफायला जोडला की त्यात इंटरनेट नाही म्हणून तो गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतो आणि ॲप म्हणतं कॅमेरा सापडत नाही. मोबाइल डेटा बंद करा, लगेच सापडतो.

या सगळ्याचा ज्याला कंटाळा आहे त्याने सरळ पडदा असलेला घ्यावा. गॅरेजमध्ये तर तोच बरा, ऑइलच्या हाताने स्वतःचा फोन कोण धरत बसणार.

आत घालण्याआधी

प्लगवरची कॉइल काढली की प्लग खोलायच्या आधी विहिरीत हवा मारा. आपल्याकडची धूळ काय असते ते कोराडी रोडने रोज येणाऱ्याला सांगायला नको. विहिरीच्या तळाशी साचलेली माती प्लग काढताच सिलिंडरमध्ये उतरते. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा, म्हणजे कॅमेरा आत असताना कुणी हौसेने चावी फिरवणार नाही. इंजिन फिरवायचं ते हाताने, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून, आणि बहुतेक इंजिनांत घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. फिरवण्याआधी कॅमेरा बाहेर. पिस्टन खाली गेला की पुन्हा आत. एक सिलिंडर झाला की त्याचा नंबर व्हिडिओत तोंडाने बोला, नाहीतर रात्री घरी बघताना दोन नंबर कुठला आणि तीन कुठला यावरून डोकं फिरतं.

मानेवाड्याचे एक काका वॅगन आर घेऊन आले होते. समृद्धीवर एकदा गाडी तापली, तेव्हापासून कूलंट कमी होत होतं, खाली गळती कुठेच नाही, आणि सकाळी चालू केली की मिनिटभर मिसिंग आणि मागून पांढरा धूर. दुसऱ्या एका गॅरेजने बोअर-पिस्टनसकट पूर्ण इंजिनाचा खर्च सांगितला होता. काका वैतागलेले. “हेड खोलल्याशिवाय समजतच नाही म्हणून राहिला तो. आणि खोललं की मग सगळंच करा म्हणणार.”

तिन्ही प्लग काढून कॅमेरा घातला. एक आणि तीनच्या पिस्टनवर असावा तसा कोरडा, काळपट-तपकिरी कार्बन. मधल्या पिस्टनचा अर्धा भाग तसाच काळा, आणि उरलेला अर्धा, शेजारच्या सिलिंडरकडचा, राखेने घासलेल्या भांड्यासारखा लख्ख. आत झिरपलेल्या कूलंटची वाफ होते आणि ती कार्बन धुऊन काढते. एकाच सिलिंडरचा पिस्टन असा उजळलेला दिसला की संशयाची सुई हेड गॅस्केटकडे, म्हणजे हेडखालच्या सीलकडे, जाते.

पण नुसत्या चमकेवर हेड खोलू नये. रेडिएटरला प्रेशर टेस्टर लावला, झाकणावर छापलेल्या दाबापर्यंतच पंप मारला, त्याहून जास्त कधीच नाही, आणि गाडी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी काटा उतरलेला होता. कॅमेरा मधल्या सिलिंडरमध्ये सोडला तर पिस्टनच्या त्याच उजळ बाजूला हिरवट थेंब, दिव्यात चमकत होते. काकांनी फोन हातात घेऊन बराच वेळ बघितलं. “हे काय कूलंट?” कूलंटच. मग बाजूची लेन्स लावून तिन्ही बोअर फिरून बघितले. होनिंगच्या तिरप्या रेषा वरपासून खालपर्यंत शाबूत, उभा ओरखडा एकही नाही. म्हणजे हेड खोलणं, फेस मारणं (हेडची खालची बाजू सपाट करून घेणं) आणि गॅस्केट हे काम होतंच, पण बोअर-पिस्टनला हात लावायचं काही कारण नव्हतं. काकांच्या एस्टिमेटमधला मोठा आकडा तोच होता.

जे दिसत नाही ते

पिस्टनची रिंग झिजली का, हे कॅमेऱ्यात दिसत नाही. भिंत गुळगुळीत, रेषा छान, आणि तरी गाडी ऑइल खाते, असं होतं. पिस्टनच्या कडेला ओलसर काळा पट्टा दिसला तर ऑइल वर येतंय एवढं कळतं. ते रिंगेतून येतंय की व्हॉल्व्ह सीलमधून, हे कॅमेरा सांगत नाही. त्यासाठी सिलिंडरमधला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज आणि तो दाब कुठून गळतो ते दाखवणारी लीक-डाउन टेस्ट. माझं मत विचाराल तर खिशात दोन हजारच असतील तर हजाराचा कॅमेरा आणि हजाराचा कॉम्प्रेशन गेज घ्या. दोन हजारांच्या कॅमेऱ्यापेक्षा ही जोडी जास्त सांगते.

दुसरी अडचण व्हॉल्व्हची. सीएनजीवर खूप पळालेल्या गाडीत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळलाय का, तो जिथे टेकतो ती सीट खचलीय का, हे बघायचं असतं. व्हॉल्व्ह हेडमध्ये, म्हणजे कॅमेरा जिथून आत आला त्याच छतात. ते बघायला आत गेल्यावर मागे वळून वर बघावं लागतं. पुढची लेन्स खाली बघते, बाजूची आडवी बघते, वर कुणीच बघत नाही. वायर इंग्रजी जे सारखी वाकवून घालायचा प्रयत्न लोक करतात. धातूच्या नळीमुळे तो फसतो. इथे मात्र टोक वळवता येणारा, चाक फिरवलं की मान मागे टाकणारा कॅमेराच लागतो. तो महाग, शिवाय त्यातले बरेच ६ ते ८.५ मिमीचे, म्हणजे पुन्हा पहिला मुद्दा, आधी भोक मोजा. घरच्या एका गाडीसाठी हा घेऊ नका. आठवड्याला दोन-तीन सीएनजी गाड्यांची हेडची कामं येणाऱ्या गॅरेजला तो परवडतो.

साध्या ५.५ मिमीच्या कॅमेऱ्याचे इंजिनाबाहेरचे उपयोग मात्र पैसे वसूल करतात. ऑक्सिजन सेन्सर काढला की त्या १८ मिमीच्या भोकातून धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची जाळी वितळली का ते दिसतं. पिकअप मेलेल्या गाडीत हे आधी बघावं. डॅशबोर्डमागे उंदराने वायर कुठे कुरतडली, हातातून सुटलेला नट चेंबरवर पडला की खाली गेला, हे सगळं त्याच कॅमेऱ्यात.

घेताना

साधा एक लेन्सचा यूएसबी कॅमेरा पाचशे ते हजारात मिळतो. दोन लेन्सचा ५.५ मिमीचा, फोनला लागणारा, हजार ते दोन हजारात. पडदा असलेला दोन लेन्सचा तीन ते सहा हजार, आणि टोक वळणारा त्याच्या पुढे कुठेही. सणासुदीच्या सेलमध्ये हे आकडे वरखाली होतात. घरच्या वापराला दोन लेन्सचा यूएसबी, गॅरेजला पडद्याचा, माझं गणित एवढंच. सीताबर्डीच्या दुकानात दोनशे रुपये जास्त पडले तरी चालतील, तिथे खिशातून स्टीलची पट्टी काढून काउंटरवर फोकस बघता येतो. दुकानदार विचित्र नजरेने बघतो, बघू द्या. ऑनलाइन घेतलात तर परत करायची मुदत आधी वाचा, आणि ‘फक्त बदलून मिळेल’ असं लिहिलं असेल तर तो सोडून दुसरा बघा, कारण तोच फोकस असलेला दुसरा नग घेऊन उपयोग काय.

पडद्याच्या कॅमेऱ्यात लिथियम बॅटरी असते. ती ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते, आणि नागपुरात मेच्या दुपारी शेडमध्येच तेवढं तापमान असतं. चार्जिंग रात्री करा, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत कॅमेरा विसरू नका. काम झालं की टोक कोरड्या मऊ कापडाने पुसा, फार चिकट असेल तर कापडाला किंचित साबणाचं पाणी. कार्ब क्लीनर, पेट्रोल, थिनर यांच्या जवळही नेऊ नका, लेन्सभोवतीचा गोंद पांढरा पडतो आणि मग सगळंच धूसर दिसतं. वायर गुंडाळताना तळहाताएवढं तरी वेटोळं ठेवा. टोकाजवळ घट्ट मुडपली की आतली तार तिथेच तुटते.